पहाटेच्या धावेआधी पोटात काय असावं?

प्रश्न : मी घनसावंगी तालुक्यातली. जालन्यात मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला आम्ही ग्राउंडवर असतो. सर सांगतात, रिकाम्या पोटीच पळायचं. त्यानं दम वाढतो आणि चरबी जळते. आई रोज फोनवर विचारते, काही खाल्लंस का, चक्कर येईल. काही मुली भिजवलेले हरभरे खाऊन येतात, एकजण कच्चं अंडं पिते. मला कधी कधी तिसऱ्या-चौथ्या राउंडला डोळ्यांपुढे अंधारी येते. नेमकं कोणाचं ऐकू?

उत्तर : आईचं ऐका, पण आईच्या मनाला समाधान वाटेल एवढं खाऊ नका. सरांचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. ते कुठपर्यंत बरोबर आहे हे एकदा समजून घेतलं की रोज पहाटे कोणाला विचारावं लागणार नाही.

रात्री नऊला जेवलात आणि पहाटे पाचला पळायला उभ्या राहिलात, तर मधे आठ तास गेलेले असतात. झोपेतही मेंदूला साखर लागते. ती यकृतातल्या साठ्यातून रक्तात येत राहते. प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा साधारण ८० ते १०० ग्रॅम असतो आणि पहाटेपर्यंत त्यातला बराचसा खर्ची पडलेला असतो. स्नायूंचा साठा वेगळा, साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. तो झोपेत जवळपास जसाच्या तसा राहतो, म्हणून उपाशीपोटीही पाय पळतात. पण स्नायूंमधली साखर रक्तात परत येत नाही. ज्या स्नायूत आहे त्याच्याच ती कामाची. मेंदूला यकृताच्याच भरवशावर राहावं लागतं. पायांत जोर असूनही डोकं हलकं होतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं. इतरही कारणं आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

आता हिशोब करून पाहू. तुमच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. तुमचं वजन ५० किलो धरलं तर ८०० मीटरला ४० कॅलरी. अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत १०० कॅलरी असतात. नुसत्या ८०० मीटरसाठी मुद्दाम काही खाण्याची गरजच नाही, आणि इथे तुमचे सर बरोबर आहेत. २ मिनिटं ५० सेकंदांत ८०० मीटर संपवून पूर्ण गुण घ्यायचे असतील तर भरलेलं पोट अडचणच करतं. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे वळवतं, आतड्यांचा रक्तपुरवठा एकदम घटतो. पोटात अन्न असेल तर ते तसंच पडून राहतं आणि मळमळ, उलटी, बरगडीखाली चमक, असं सुरू होतं. सरांनी मुलांना ग्राउंडवर ओकताना पाहिलेलं असणार, त्यातूनच त्यांचा नियम आला असावा.

पण तुम्ही ८०० मीटर पळून खोलीवर जात नाही. वॉर्मअप, राउंड, शंभरच्या धावा, गोळा, शेवटी पोटाचे व्यायाम, यात तास-दीड तास सहज जातो. खाऊन व्यायाम आणि उपाशी व्यायाम यांची तुलना करणाऱ्या चाळीसहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं : तासापेक्षा जास्त चालणाऱ्या व्यायामात आधी खाल्लेल्यांची कामगिरी चांगली राहते; त्याहून कमी वेळाच्या व्यायामात फारसा फरक पडत नाही. तुमचा सराव या सीमेच्या पलीकडे जातो. आई बरोबर ठरते ती इथे.

चरबीचं काय? उपाशीपोटी व्यायाम करताना त्या वेळेपुरती चरबी जास्त वापरली जाते, हे खरं. पण दिवसाचे बाकीचे तास शरीर तो हिशोब फिरवून घेतं. अमेरिकेतल्या ब्रॅड शोनफेल्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये २० तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास व्यायाम करायला लावला. निम्म्या उपाशी, निम्म्या खाऊन. दोन्ही गटांचा आहार मोजून दिलेला. शेवटी वजनात आणि चरबीत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. अभ्यास लहान आहे, तरी त्याने सांगितलेलं पुढच्या कामांनी खोडलेलं नाही. आणि मला मनापासून विचारायचंय, भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला चरबी जाळायची घाई कशाला? तुम्हाला ताकद हवी आहे. गोळा उपाशी हातांनी लांब जात नाही.

तालमीतले पैलवान पहाटे उपाशीपोटीच जोर-बैठका मारतात, असा दाखला तुमच्या ग्राउंडवर कोणी ना कोणी देत असेल. जालन्याला पैलवानांचं कौतुक आहेच. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यातच झाली आणि बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफीक शेखने आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला हरवून गदा उचलली. पण पैलवानाची पहाट बघताना त्याची आदली रात्रही बघायला हवी. दूध, तूप, भाकरी, मटण असं दाबून जेवून तो लवकर झोपलेला असतो. पहाटेची मेहनत संपली की बदाम, खसखस घालून घोटलेली थंडाई पोटात जाते, मग भरपेट जेवण, मग दुपारची झोप. त्याची उपाशी पहाट अशा खुराकाच्या मधोमध येते. खोलीवर राहणाऱ्या मुलीने त्यातली फक्त पहाट उचलली तर हाती काय लागणार?

आपल्या जुन्या वैद्यांनीही दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या आहेत. व्यायाम कोणी करू नये याच्या यादीत सुश्रुतसंहिता नुकत्याच जेवलेल्या माणसाला बसवते, आणि चरकसंहिता भुकेल्याला आणि तहानलेल्याला. दोन्ही एकत्र वाचल्या की तुमच्या सरांचं आणि आईचं भांडण तिथेच मिटतं.

मग खायचं काय? ग्राउंडवर जाण्याआधी अर्धा तास एक केळं. त्यात साधारण २५ ग्रॅम पिष्ट-साखर मिळते आणि ते पोटात रेंगाळत नाही. केळं नसेल तर तीन-चार खजूर, किंवा राजगिऱ्याचा एक लाडू, किंवा गुळाचा सुपारीएवढा खडा आणि दोन घास भाकरी. सोबत पेलाभर पाणी, सावकाश. तासभर आधी उठणं जमत असेल तर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तरी चालेल. सुरुवातीला थोडंच खाऊन बघा. पोटालाही या सवयीला आठवडा-दोन आठवडे लागतात. ग्लुकोजची पावडर पाण्यात भरपूर घालून एकदम पिऊ नका. काहींना त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने गळल्यासारखं होतं, कारण वाढलेली साखर खाली आणायला शरीराने इन्सुलिन सोडलेलं असतं.

भिजवलेल्या हरभऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यातल्या भरतीच्या प्रत्येक खोलीत खिडकीपाशी एक वाटी हरभरे भिजत असतात आणि ते खाणाऱ्यांचा त्यावर जीव असतो. हरभरा उत्तमच आहे. त्यात प्रथिनं आहेत, लोह आहे. पण कच्च्या हरभऱ्यात तंतू भरपूर आणि लहान आतड्यात न पचणाऱ्या काही शर्कराही. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू धरतात. पळण्याआधी अर्धा तास मूठभर कच्चे हरभरे म्हणजे पोट फुगवून पळणं. तेच हरभरे मोड आणून, वाफवून, मीठ-लिंबू मारून पळून आल्यावर खा. शेंगदाण्याचंही तसंच. त्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि तेलकट पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. शेंगदाणे-गुळाची जोडी आपण लहानपणापासून खात आलो, पण सरावाच्या दिवशी ती फोडा : गूळ आधी, शेंगदाणे नंतर.

कच्चं अंडं पिणाऱ्या मैत्रिणीला एवढंच सांगा की माणसाचं शरीर उकडलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं पचवतं आणि कच्च्यातली जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. उकडून खाल्लं तर पैसेही वसूल होतात. आणि तेही पळून आल्यावरच.

आता तुमच्या अंधारीकडे. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आधी रात्रीचं जेवण. डबा संध्याकाळी सातला येतो, निम्मा खाल्ला जातो, मग अकरा-बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे साडेचारला गजर. असं असेल तर तुमचं पोट आठ नव्हे, जवळपास दहा तास रिकामं असतं, आणि त्याआधीही ते भरलेलं नव्हतं. अशा वेळी पहाटेच्या केळ्यानं सगळं भरून निघणार नाही. रात्री भाकरी किंवा भात, घट्ट वरण, भाजी, जमेल तेव्हा अंडं, आणि झोपण्याआधी कपभर दूध, एवढं होऊ द्या. वजन वाढेल म्हणून रात्रीची भाकरी सोडणाऱ्या मुली ग्राउंडवर असतात. सराव चालू आहे तोवर तरी तसं करू नका.

दुसरं, पाणी. पहाटे उठल्यावर शरीर आधीच थोडं कोरडं असतं. उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत रात्रभर घाम जातो. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर त्या दिवशी आधी पाणी, मग पळणं.

तिसरं, राउंड संपल्यावर एकदम उभं राहणं. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही थबकलात की रक्त पायांतच साचतं आणि डोळ्यांपुढे काळोखी येते. म्हणून रेषा ओलांडल्यावर दोन-तीन मिनिटं चालत राहा.

चौथं आणि माझ्या मते तपासायलाच हवं असं कारण, रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीत जास्त स्राव होत असेल तर तुमचा क्रमांक त्यात लागण्याची शक्यता आणखी वाढते. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. ती या आठवड्यातच करून घ्या. १२ च्या खाली आलं तर डॉक्टर सांगतील त्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या. हिमोग्लोबिन वर आल्याशिवाय कुठलाही सराव दम वाढवणार नाही, कारण ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी आहे. हरभरे-पालेभाजी खाल त्यासोबत लिंबू किंवा मोसंबी असू द्या. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी तुमच्याच जिल्ह्यात पिकते. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब ठेवा, तो लोह अडवतो. पळताना छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा खरोखर शुद्ध हरपली, तर मात्र केळं-पाणी असले उपाय न करता थेट डॉक्टरांकडे जा.

राहिला चाचणीचा दिवस. बोलावणं पहाटेचं असतं; पण कागदपत्रं, उंचीचं मोजमाप, रांगा यांत ऊन वर येतं आणि प्रत्यक्ष धावायला कधी कधी दहा वाजतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी धावताना काही तरुणांचे जीव गेले. तेव्हा धाव ५ किलोमीटरची होती आणि त्यानंतर ती कमी करण्यात आली. राज्य राखीव पोलीस दलात अजूनही मुलांना ५ किलोमीटर पळावं लागतं, जालन्यात त्याच दलाचा गट क्रमांक ३ आहे, म्हणून त्या तयारीतल्या भावांनाही हे वाचायला द्या. पिशवीत दोन केळी, खजूर, चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं लिंबूपाणी न्या. पहाटे निघताना थोडं खा, मग दर दीड-दोन तासांनी दोन घास, आणि आपला क्रमांक जवळ आला की अर्धा तास आधी फक्त घोटभर पाणी. सरावात कधी न खाल्लेला पदार्थ त्या दिवशी तोंडात घालू नका, मग तो कोणीही प्रेमाने देवो.

प्रश्न : वय ६१. मधुमेहाची गोळी चालू आहे. रोज पहाटे मोतीबागेकडे पाऊण तास फिरतो. घरचे म्हणतात बिस्किटं खाऊन जा, मित्र म्हणतात उपाशी फिरल्यानेच साखर उतरते.

उत्तर : गोळी कोणती, यावर सगळं ठरतं. फक्त मेटफॉर्मिन घेत असाल तर उपाशीपोटी फिरून साखर धोक्याइतकी उतरण्याचा संभव फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही चालू असेल किंवा इन्सुलिन घेत असाल, तर उपाशी फिरणं धोक्याचं ठरू शकतं. चिठ्ठीवरचं नाव औषधाच्या दुकानात दाखवून खात्री करून घ्या, कारण बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात. अशी गोळी असेल तर निघण्याआधी बोटातून साखर बघा. ९० च्या खाली असेल तर अर्धं केळं किंवा कपभर दूध घेऊन मगच निघा. खिशात साखरेच्या पुड्या ठेवाच. हात कापू लागले, दरदरून घाम फुटला, जीभ अडखळली तर तीन चमचे साखर लगेच खायची, पंधरा मिनिटं बसायचं. शक्यतो एकट्याने फिरू नका, आणि बरोबरच्या कोणाला तरी आपली गोळी माहीत असू द्या.

तुमच्या मित्रांच्या म्हणण्यालाही आधार आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात न्याहारीआधी व्यायाम करणाऱ्या स्थूल पुरुषांचं शरीर सहा आठवड्यांत इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. वजन मात्र खाऊन व्यायाम करणाऱ्यांइतकंच राहिलं. हे लोक मधुमेही नव्हते, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या कामाचा अभ्यास न्यूझीलंडमधला आहे, २०१६ मधला. टाइप-२ मधुमेह असलेल्यांनी दिवसातून एकदा अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाललं, तर जेवणानंतरची साखर जास्त आटोक्यात राहिली, आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. मोतीबाग सोडू नका. तिला रात्रीची गल्लीतली दहा मिनिटं जोडा. बिस्किटांची गरज नाही.

प्रश्न : अंगारकीला आम्ही बायका जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातो, कडक उपास धरून. या वेळी वाटेत एकीला घेरी आली. पाणीसुद्धा न घेता चालावं का?

उत्तर : नको. जालना ते राजूर अंतर साधारण २५ किलोमीटर. ६० किलो वजनाच्या बाईचा एवढं चालण्यात हजार-अकराशे कॅलरींचा खर्च होतो. चालण्याची गती संथ असते, त्यामुळे शरीर बराचसा खर्च चरबीतून भागवतं. उपास असूनही बहुतेक जणी पोहोचतात त्या त्यामुळे. पाण्याची भरपाई मात्र चरबी करू शकत नाही. पाच-सहा तास पाण्याविना चालणं कोणत्याही वयाला झेपणारं नाही. उपासाला चालणारं सगळं तुमच्या कामाचं आहे : राजगिऱ्याचा लाडू, केळं, उकडलेलं रताळं, सैंधव घातलेलं लिंबूपाणी. दर तासाला थांबून दोन-चार घोट आणि थोडं काहीतरी. साबुदाण्याची खिचडी तुपा-शेंगदाण्यामुळे जड होते, ती निघण्याच्या दोन-तीन तास आधी खावी किंवा पोहोचल्यावर. तुमच्यात रमजानचे रोजे धरणाऱ्या कोणी मैत्रिणी व्यायाम करत असतील तर त्यांनी भारी व्यायाम इफ्तारनंतर ठेवावा, म्हणजे लगेच पाणी पिता येतं.

रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपास आणि ही चाल एकत्र करू नये. चंद्रोदयापर्यंत उपास सोडायचा नसेल, तर दर्शन झाल्यावर परतीला एसटी धरा.